परवा रस्ता बंद

“ताई, दुसरी बॅच कुठल्या हॉटेलात उतरवलीस?”

दीपकने ऑस्ट्रियातून फोनवर एवढंच विचारलं. गुरुवारची दुपार होती, दुबईत सव्वादोन वाजले होते. मला प्रश्नच कळला नाही.

“कुठल्या म्हणजे? तुझ्याकडेच येतायत ना. साडेबाराला लँड झाले. कोच एअरपोर्टवरून निघालासुद्धा.”

दीपकचा आवाज एकदम चढला.

“ताई, कोच थांबव.”

“का?”

“का काय विचारतेस? परवाच सांगितलं होतं ना, परवा रस्ता बंद म्हणून!”

एका वाक्यात दोन परवा, आणि दोन्ही बरोबर. पहिला मागचा, दुसरा पुढचा. मी टेबलावरची लॉगबुक ओढली. मंगळवारच्या पानावर जोशीकाकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘परवा रस्ता बंद. दीपक.’ त्याच्यापुढे माझी हिरव्या पेनाची टिक. म्हणजे वाचलं, समजलं, विषय संपला.

मी दुबईच्या बर दुबई भागातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत ऑपरेशन्स बघायची. सेल्सवाले पॅकेज विकतात. विकलेला माणूस घरातून निघून घरी परत येईपर्यंत जे काही लागतं ते ऑपरेशन्स. व्हिसा, कोच म्हणजे टूरची बस, खोल्या, जेवण, आजारी पडला तर डॉक्टर. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील चिपळूण डेपोत एस.टी.चे हेल्पर, आईला सही येत नव्हती. मी फर्स्ट क्लासमध्ये बी.कॉम. झाले, लग्न होऊन शारजातल्या रोल्ला भागात आले आणि कुणाच्या ओळखीशिवाय ही नोकरी मिळवली. माझ्या वह्यांचा मला अभिमान होता. आजही आहे, पण आता जरा जपून.

लॉगबुकचा नियम माझाच. एक ते चार ऑफिस बंद असायचं. तिकडे तेव्हा तशीच पद्धत होती, सकाळ एक शिफ्ट आणि संध्याकाळ एक. त्या वेळात जो ऑफिसात असेल त्याने फोन घ्यायचा आणि निरोप वहीत लिहायचा. बहुतेक वेळा आमचे कॅशियर जोशीकाकाच असायचे. ते सांगलीचे. त्यांना थोडक्यात लिहिता येत नसे. ‘अमुक यांचा दूरध्वनी आला असता त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारणा केली की...’ अशी पानंच्या पानं भरायचे. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, “काका, ही निबंधाची वही नाही. चार शब्दांत लिहायचं. क्रियापदं गाळा.” काकांचा चेहरा उतरला होता. पण दुसऱ्या दिवसापासून ते बरोबर चार शब्दांत लिहायला लागले.

आता पॅकेजबद्दल. आमचे मालक हरीशभाई. गल्फमधल्या भारतीय कुटुंबांना ईदच्या सुट्टीत आल्प्समध्ये स्की करायला न्यायचं, ही कल्पना त्यांची. आधीच्या वर्षी एकच बॅच नेली, तीस माणसं. दीपक टूर लीडर होता. मूळचा डोंबिवलीचा, हॉटेल मॅनेजमेंट केलेला, थोडं जर्मन बोलणारा. घाट चढायच्या आधी एका खानावळीत अर्धा तास हॉल्ट होता, चहा आणि टॉयलेटसाठी. लोक इतके खूश झाले की फीडबॅक फॉर्मवर लिहायला जागा पुरली नाही.

यंदा हरीशभाईंनी एकाला लागून एक अशा दोन बॅच लावल्या. पहिलीत चाळीस, दुसरीत चव्वेचाळीस. ज्या कोचने दुसरी बॅच वर जायची, त्याच कोचने पहिली खाली यायची. खोल्या त्याच, फक्त चादरी बदलायच्या. मधे एक दिवसही मोकळा नाही.

मी म्हटलं होतं, “सर, दुसऱ्या बॅचबरोबर टूर लीडर कोण?”

“दीपक है ना उधर.”

“तो वर आहे. एअरपोर्टपासून वरपर्यंत कोण?”

“ड्रायवर है. बेटा, बस में बैठना है, हवाई जहाज़ थोड़ी चलाना है.”

“आणि हॉल्ट?”

“हॉल्ट निकाल दो. वही कोच नीचे भी लानी है, टाइम कहाँ है? यल्ला, कन्फर्म करो.”

मी कन्फर्म केलं.

मंगळवारी दुपारी काकांनी तो निरोप घेतला. चारला मी आले, वाचला. सोमवारीच दीपकचा फॅक्स आला होता, की वाऱ्यामुळे एक दिवस स्कीच्या लिफ्ट बंद होत्या आणि गेस्ट कुरकुरतायत. मला वाटलं हे त्याचंच पुढचं. रविवारी रस्ताही बंद होता, असं दीपक सांगतोय. होता तर होता, आता उघडला असेल. टिक केली आणि चव्वेचाळीस पासपोर्ट मोजायला बसले. बुधवारी काका पुतणीच्या लग्नाला सांगलीला गेले. दीपकची कल्पना अशी, की ताईला कळलंय म्हणजे ती बॅचला खाली शहरातच दोन दिवस ठेवेल. त्यात चूक त्याची नव्हती.

गुरुवारी आमचा अर्धा दिवस, शुक्रवारी सुट्टी. सगळे एकला घरी गेले. बॅच लँड झाल्याची खबर घेऊन, कोच सुटला की मीही निघणार होते. एअरपोर्टवरच्या माणसाचा फोन पावणेदोनला आला, कोच सुटला म्हणून. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. पर्स खांद्याला लावली तेवढ्यात दीपकचा फोन आला.

“नीट सांग,” मी म्हटलं. “रस्ता बंद म्हणजे नेमकं काय?”

“वर एकच रस्ता येतो, ताई. शेवटचे तेरा-चौदा किलोमीटर डोंगराच्या कुशीतून. तीन दिवस बर्फ पडतोय. आज ऊन पडलं की वरचा बर्फ सुटणार असं इथल्या लोकांचं म्हणणं आहे. म्हणून खाली फाटक आहे, आपल्याकडे रेल्वेला असतं तसं. आज एक वाजता ते फाटक बंद करणार.”

“मग फाटकाशी थांबतील की.”

“एकच्या आधी पोचले तर सोडतील ना आत! आणि मग वर येईपर्यंत पाऊण तास त्या डोंगराखाली.”

त्यांचा एक म्हणजे आमचे चार. मी कागदावर हिशेब मांडला. कोच पावणेदोनला सुटला. फाटकापर्यंत सव्वादोन तास. म्हणजे बरोबर चार. हॉल्ट असता तर साडेचार झाले असते. हॉल्ट मी स्वतः खोडला होता. कोच वेळेवर होता, आणि वेळेवर असणं हीच भीती होती.

बरोबर दोनच गोष्टी आठवल्या. एक, त्या यादीत अकरा मुलं होती. दुसरी, त्या सगळ्यांची नावं मी स्वतः टाइप केली होती.

दीपक म्हणाला, तो हॉटेलच्या मालकीणबाईंना घेऊन फाटकाच्या पोलिसांना फोन लावतो. मी कोच कंपनीला लावायचा. आधी एका बाईने उचलला, तिने दुसऱ्याला दिला, त्याने होल्डवर ठेवलं. वाद्यांची एक धून वाजत राहिली. त्या धुनेत अकरा मिनिटं गेली. शेवटी इंग्लिश येणारी एक मुलगी आली.

“ड्रायव्हरकडे रेडिओ आहे ना?”

“आहे. पण दुसऱ्या बोगद्यानंतर चालत नाही.”

“कोच बोगद्याच्या अलीकडे आहे की पलीकडे?”

“मी प्रयत्न करते, मॅडम.”

तिने फोन न ठेवता रेडिओवर हाका मारलेल्या मला ऐकू येत होत्या. तोच एक शब्द, परत परत. उत्तरात नुसती खरखर. मग ती म्हणाली, “सॉरी. पलीकडे गेला असावा.”

दीपकला फोन लावला. हॉटेलची रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. पुन्हा लावला, तर रिंगसुद्धा नाही. बर्फाने तारा गेल्या की काय, कळायला मार्ग नव्हता. आता वर काय चाललंय ते मला कळणार नव्हतं आणि खाली काय चाललंय ते दीपकला.

हरीशभाईंना घरी फोन केला. ते जेवून आडवे झाले होते. मी सगळं सांगितलं. वहीतला निरोप, टिक, काहीही लपवलं नाही.

“किसने लिखा ये?”

“काकांनी. पण...”

“दो लाइन लिखने में क्या जाता है बूढ़े का!” मग आवाज खाली आला. “सुनो. किसी के घर फोन मत करना. कोई पूछे तो रस्ते में हैं. इन्शाल्ला कुछ नहीं होगा. मैं आता हूँ.”

फोन खाली ठेवला आणि लगेच वाजला. मी झडप घातली.

“आई, व्हेन आर यू कमिंग? बाबा सेज द राइस इज गेटिंग कोल्ड.”

“जेवून घ्या तुम्ही. फोन ठेव.”

“बट आई...”

“ठेव म्हणते ना!”

मुलीवर मी कधी अशी ओरडत नसे. तिने फोन ठेवला. तेवढ्यात पुन्हा वाजला. आता एक बाई होत्या. शारजातल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स, आडनाव सावंत. ड्यूटीमुळे स्वतः जाऊ शकल्या नव्हत्या. नवरा आणि दोन मुलगे गेले होते.

“मॅडम, पोचले का हो? धाकट्याला गाडी लागते. गोळी बॅगेत तळाशी राहिली असं मला आता आठवलं.”

“रस्त्यात आहेत,” मी म्हटलं.

“घाट लागला असेल का?”

“लागला असेल.”

“त्यांच्या बाबांना म्हणावं, पुढच्या सीटवर बसवा त्याला. खिडकीशी. तुमचा निरोप जाईल ना ड्रायव्हरला?”

“पोचवते,” मी म्हटलं. आयुष्यात मी बरंच खोटं बोलले असेन, पण इतकं सरळ आवाजात कधीच नाही. त्यांनी तीनदा थँक्यू म्हटलं.

मागच्या मशिदीतून अझान झाली. मग चार वाजले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू नये म्हणून मी खुर्ची फिरवली, तर समोर स्कीचं पोस्टर. निळं आकाश, पांढरा डोंगर, त्याच्या पायथ्याशी एक कुटुंब हसतंय. त्या डोंगराचा वरचा भाग आता मला वेगळाच दिसत होता. मी उठून पोस्टर उलटं केलं.

साडेचार. कोच फाटकातून आत गेला असेल तर आता अर्ध्यावर असणार.

पावणेपाच. आता वर पोचायला हवा. पोचला असेल तर दीपक काहीही करून कळवेल. फोन वाजला नाही. मी रिसीव्हर उचलून डायल टोन आहे ना ते बघितलं. होता. मग भीती वाटली, नेमका त्याच क्षणी फोन येत असेल तर? खाली ठेवला. हे मी किती वेळा केलं ते सांगत नाही.

हरीशभाई आले. पायात घरच्या सपाता, शर्टाची बटणं वरखाली. शटरखालून वाकून आत आले आणि माझ्यासमोर गेस्टच्या खुर्चीत बसले. एरवी ते बसले की काहीतरी मागवायचे. आज नुसते अंगठ्या फिरवत होते.

“कोई खबर?”

“नाही.”

“मेरी साली का लड़का भी है उसमें,” ते म्हणाले. हे मला माहीत नव्हतं. यादीत आडनाव वेगळं होतं.

पाच वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. कोच कंपनीची तीच मुलगी.

“मॅडम, पोलिसांचा निरोप आहे. कोच फाटकाच्या अलीकडे आहे. पोचला तेव्हा फाटक पडून पंधरा मिनिटं झाली होती. लोक गावातल्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये आहेत.”

हरीशभाई माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली.

“सगळे? चव्वेचाळीस?”

कागद चाळल्याचा आवाज. “त्रेचाळीस.”

“चव्वेचाळीस हवेत.”

“ड्रायव्हर म्हणतो त्रेचाळीस. प्रत्येक सीट मोजली आहे.”

मी यादी घेतली. एकेका नावावर बोट ठेवत गेले. सावंत, तीन. पुढे, अजून पुढे. सव्विसाव्या नावापुढे माझ्याच हाताने लिहिलेलं होतं, आय.एन.एफ. म्हणजे इन्फंट. दोन वर्षांखालचं मूल. त्याला सीट नसते, ते आईच्या मांडीवर जातं.

“एक बाळ आहे का बघा,” मी म्हटलं. “मांडीवर.”

ती दुसऱ्या फोनवर विचारायला गेली. परत आली तेव्हा हसत होती. “हो. ते सगळ्यांत मोठ्याने रडतंय.”

हरीशभाईंनी टेबलावर डोकं टेकलं. मी सावंतबाईंना फोन केला आणि सांगितलं की बर्फामुळे आज खालीच मुक्काम आहे, सगळे सुखरूप. त्यांनी विचारलं, “उलटी झाली का त्याला?” मी म्हटलं, “विचारून सांगते.” आणि या वेळी खरंच विचारलं. दोनदा झाली होती.

कोचला उशीर का झाला, ते पुढच्या दिवशी कळलं. रस्ता मोकळा मिळाल्याने कोच माझ्या हिशेबापेक्षा वीस मिनिटं पुढेच होता. दुसऱ्या बोगद्यातून बाहेर आल्यावर दोन्ही बाजूंना बर्फ दिसला. चव्वेचाळीसपैकी चाळीस जणांनी जन्मात बर्फ बघितला नव्हता. सगळे उठून उभे राहिले. ड्रायव्हर नो स्टॉप, नो स्टॉप म्हणत होता. त्याच्या कागदावर हॉल्ट नव्हताच. मग सावंतांच्या धाकट्याने सीटवर उलटी केली आणि दार उघडावं लागलं. एकदा दार उघडल्यावर मग कोण ऐकतंय? सगळे उतरले. बर्फाचे गोळे, फोटो, बर्फ रुमालात बांधून घेणं. एक गृहस्थ तर थर्मासमध्ये भरत होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. लोकांना गोळा करून आत बसवेपर्यंत एकूण पस्तीस मिनिटं गेली. टूर लीडर बरोबर असता तर त्याने दहा मिनिटांत आवरलं असतं, आणि वेळेवर फाटक गाठलं असतं. हे मी अनेकदा उलटसुलट करून बघितलंय. हिशेब दर वेळी तोच येतो.

रस्ता चौथ्या दिवशी उघडला. फाटकापासून सहा किलोमीटरवर, दोन वळणांच्या मधे, बर्फाचा लोट आलेला होता. यंत्रांनी कापून वाट केली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या भिंती कोचपेक्षा उंच होत्या, असं दीपकने सांगितलं. लोट किती वाजता आला, ते मी त्याला विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

फीडबॅक फॉर्म आले. पहिल्या बॅचने सगळे दिवस वर काढले होते, तीन दिवस जास्तच. त्यांच्या पानापानावर तक्रारी. दुसऱ्या बॅचला स्की पायाला लावायला एकच दिवस मिळाला. पण खालच्या गावातल्या लोकांनी त्यांना सूप दिलं, मुलांना घसरगाड्या दिल्या, बाळाला पाळणा आणून दिला. सगळीकडे ‘एक्सलंट’वर खुणा.

हरीशभाईंनी ते फॉर्म पत्त्यांसारखे हातात धरले होते. “देखा? गेस्ट तो खुश है. अगले साल तीन बॅच. बस, उस जोशी को बदल देते हैं. आदमी लापरवाह है.”

मी घाबरले होते. माझा व्हिसा कंपनीचा होता, आणि नवऱ्याची नोकरी तेव्हा डळमळीत होती. पण काकांची वही माझ्यासमोर होती.

“सर, काका पूर्ण वाक्य लिहायचे. मी बंद केलं. क्रियापद गाळायला मी सांगितलं. टिक माझी आहे. बदलायचं तर मला बदला.”

त्यांनी फॉर्म टेबलावर ठेवले. मग म्हणाले, “तुम्हें नहीं बदल सकता. बाकी सब फाइलें तुम्हारे दिमाग़ में हैं.”

“मग अजून एक. प्रत्येक बॅचबरोबर टूर लीडर. दोन बॅचच्या मधे एक मोकळा दिवस. हॉल्ट परत. नाहीतर मी कन्फर्म करणार नाही.”

“मोकळा दिन? ख़ाली कमरों का किराया कौन...” ते थांबले. त्यांची नजर उलट्या पोस्टरवर गेली. ते सरळ करायचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. “खलास. जो करना है करो.”

पुढच्या वर्षी बॅच दोनच गेल्या, मधे एक दिवस सोडून. तिसरी मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हटलं. ते दुसऱ्या एजन्सीकडे गेले. जाऊ दे.

काका लग्नाहून आले. मी त्यांच्या टेबलापाशी गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मी ‘होणार आहे’ असं लिहिलं होतं, बाई. मग तुमचं बोलणं आठवलं आणि कागद फाडून परत लिहिलं.”

“आता पूर्ण लिहा, काका. तारखेसकट.”

“निबंध म्हणणार नाही ना?”

“नाही.”

त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात ‘परवा’ लिहायला बंदी आली. वार आणि तारीख लिहायची, आणि वाक्याला क्रियापद हवं. नव्या येणाऱ्यांना मी मंगळवारचं ते पान दाखवायची. ते विचारायचे, मॅडम, यात चूक काय आहे? मी पान पुढे सरकवायची आणि दाखवायची. ओळ अर्ध्यावरच संपलेली आहे. ‘होणार आहे’ मावेल एवढी जागा तिथे आरामात शिल्लक होती.